टुगेला फेरीच्या वॉर्डातली हवा

क्षयाच्या वॉर्डात ड्यूटी केलेल्यांना कल्चरच्या, म्हणजे थुंकीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीच्या, रिपोर्टचं फारसं अप्रूप नसतं. तो येतो तेव्हा ज्याचा रिपोर्ट तो माणूस खाटेवर असेलच याची खात्री नसते. कुणी बरं वाटतंय म्हणून गावी निघून गेलेला असतो, कुणी दुसऱ्या हॉस्पिटलात, कुणी वर. इन्चार्ज सिस्टर कागद फाइलला लावते आणि पुढच्या खाटेकडे वळते.

दक्षिण आफ्रिकेत टुगेला फेरी या गावी २००५ मध्ये हे इतक्यांदा आणि इतकं एकसारखं घडलं, की तिथल्या डॉक्टरांना थांबून मोजावं लागलं. जानेवारी २००५ ते मार्च २००६ या पंधरा महिन्यांत १,५३९ रुग्णांची थुंकी तपासली. २२१ जणांचा क्षय आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना दाद देत नव्हता; हा बहुऔषधरोधी क्षय. त्यांतल्या ५३ जणांचे जंतू तर दुसऱ्या फळीतल्या औषधांनाही पुरून उरले होते; हा अतिऔषधरोधी. या ५३ पैकी ५२ दगावले. ज्या ४२ जणांच्या मृत्यूची तारीख पक्की कळली, त्यांच्यात थुंकी घेतल्यापासून मृत्यूपर्यंतचा मध्य निघाला १६ दिवस. कल्चर आणि औषधांची तपासणी मिळून रिपोर्ट यायला आठवडेच्या आठवडे लागत. म्हणजे कोणतं औषध चालणार नाही हे कागदावर उमटायच्या आत निम्म्याहून जास्त माणसं गेलेली.

मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, मुलींना हे प्रकरण शिकवते. त्याआधी काही वर्षं मीही क्षयाच्या वॉर्डात काढली. त्यामुळे हे प्रकरण वाचताना माझं लक्ष रुग्णांच्या आकड्यांइतकंच त्या आकड्यांमागे उभ्या असलेल्या सिस्टर्सकडे जातं. जागतिक आरोग्याच्या पुस्तकांत टुगेला फेरीचं नाव औषधं निकामी झाल्याची गोष्ट म्हणून येतं. माणसं कामावर टिकवण्याची गोष्ट म्हणून ती क्वचितच सांगितली जाते. माझ्या मते त्या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत, आणि हे लिहायला घेतलं तेही त्यासाठीच.

गाव, नदी, हॉस्पिटल

क्वाझुलू-नाताळ प्रांतातला म्सिंगा हा डोंगराळ, कोरडा, गरीब भाग. वस्ती झुलू. नोकरीसाठी पुरुष खाणींत आणि शहरांत जाणार, सणासुदीला घरी येणार. आपल्याकडे कोकणातल्या कितीतरी घरांनी मुंबईच्या गिरण्यांच्या काळात हे पाहिलेलं आहे. या भागातून टुगेला नदी वाहते. बोअर युद्धात याच नदीच्या वरच्या अंगाला, कोलेन्सोच्या लढाईत, गांधीजींच्या भारतीय रुग्णवाहिका पथकाने जखमी सैनिक खांद्यावरून वाहून नेले होते. नदीकाठच्या टुगेला फेरी गावात स्कॉटिश मिशनऱ्यांनी उभारलेलं चर्च ऑफ स्कॉटलंड हॉस्पिटल आहे. नाव मिशनचं राहिलं, कारभार सरकारी झाला. साधारण साडेतीनशे खाटा. डॉ. टोनी मोल हे तिथे वर्षानुवर्षं काम करणारे डॉक्टर.

खेड्यातलं हॉस्पिटल म्हणून त्याला मागास समजू नका. उलट ते आपल्या काळाच्या पुढे होतं. दक्षिण आफ्रिकेत सरकारी दवाखान्यांतून एचआयव्हीची औषधं मिळू लागली २००४ मध्ये. म्सिंगात क्षयाच्या रुग्णांत एचआयव्ही इतका होता, की दोन्ही आजारांचे उपचार एकाच छताखाली, एकाच वेळी द्यायचा प्रयोग तिथे सुरू झाला होता. त्यात अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे जेराल्ड फ्रीडलंड यांचा गट सोबत होता. प्रयोग चांगला चालला होता. रुग्णांच्या रक्तातले एचआयव्हीचे विषाणू आटोक्यात येत होते. आणि तरी काहीजण क्षयाने जात होते. औषधं नीट घेणारे, वजन वाढू लागलेले रुग्ण का जातात, हा प्रश्न मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पडला, म्हणून त्यांनी थुंकीचे नमुने डर्बनच्या प्रयोगशाळेत औषधांच्या तपासणीसाठी पाठवायला सुरुवात केली. त्या काळी हे सरसकट केलं जात नसे. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसला की ठरलेल्या गोळ्या सुरू, एवढीच रीत होती.

ऑगस्ट २००६ मध्ये टोरंटोच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत ही माहिती बाहेर आली आणि त्याच वर्षी नील गांधी, मोल, फ्रीडलंड आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘द लॅन्सेट’मध्ये छापला गेला. त्यानंतर काही महिने टुगेला फेरीला जगभरच्या पत्रकारांची रीघ लागली. मथळे सगळे एकाच सुरातले: अजिंक्य जंतू.

‘पेशंटने गोळ्या सोडल्या असतील’

वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिले की पहिलं उत्तर हमखास येतं: “मॅडम, डिफॉल्टर असतील.” मुलींचा दोष नाही. आपल्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर तेच लिहिलेलं असतं, औषध अर्धवट सोडू नका, नाहीतर क्षय बिघडेल. सल्ला खरा आहे. पण त्यातून एक समज मनात घट्ट बसतो, की औषधाला न जुमानणारा क्षय म्हणजे रुग्णाच्या बेफिकिरीचं फळ.

मग मी पुढचे तीन आकडे लिहिते. माहिती मिळाली अशा ४७ जणांपैकी २६ जणांनी आयुष्यात कधीच क्षयाचं औषध घेतलेलं नव्हतं. सोडायला आधी घेतलेलं तर हवं. दुसरा आकडा: ४२ पैकी २८ जण नुकतेच कुठल्या ना कुठल्या कारणाने हॉस्पिटलात भरती होऊन गेलेले. तिसरा: ४६ नमुन्यांच्या जनुकांचे ठसे जुळवून पाहिले, तर ३९ एकाच कुळातले.

तीन आकडे एकत्र ठेवले की वर्ग शांत होतो. एवढ्या माणसांच्या छातीत एकाच कुळाचा, आधीच बिघडलेला जंतू गेला, आणि तो जाण्याची सगळ्यांत संभाव्य जागा म्हणजे जिथे ही सगळी माणसं एकत्र आली ती: ओपीडीची बाकं, वॉर्डाच्या ओळी, एक्स-रेची रांग. ज्या ४४ जणांची एचआयव्ही तपासणी झाली ते सगळेच्या सगळे बाधित होते. प्रतिकारशक्ती खचलेल्या शरीरात क्षय महिनोन् महिने दबा धरून बसत नाही, आठवड्यांत उसळतो. त्यामुळे फैलाव इतका झटपट आणि इतका उघड दिसला.

यातली एक गोष्ट मला आजही टोचते. यांतले १५ जण एचआयव्हीची औषधं घेत होते. ती औषधं घ्यायला, तपासण्यांना, ते नेमाने हॉस्पिटलात येत. चांगला रुग्ण जसा वागायला हवा तसे ते वागत होते.

जंतू मुळात बिघडला कसा, याचंही उत्तर मिळालं, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. डर्बनमध्ये मनोरमनी पिल्ले आणि विलेम स्टर्म यांनी साठवून ठेवलेले जुने नमुने तपासले. या कुळाचा बहुऔषधरोधी जंतू त्यांना १९९४ पासूनच्या नमुन्यांत सापडला आणि दुसऱ्या फळीलाही न जुमानणारा पहिला नमुना २००१ चा निघाला. त्या वर्षांत सर्वांना एकच ठरलेला औषधसंच दिला जात होता, जंतू आधीच कशाला सरावलाय हे न पाहता. चार बैलांच्या गाडीतले दोन बैल आधीच बसलेले असतील तर ओझं उरलेल्या दोघांवर पडतं, आणि काही दिवसांत तेही बसतात. नियम मोडून नाही, नियम पाळून हे झालं. एका वेळी एक औषध निकामी होत गेलं आणि अशा तयार जंतूला वॉर्डातल्या हवेने गावभर पोचवलं.

पुढे २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये याच प्रांतातल्या ४०४ रुग्णांचा मोठा अभ्यास आला. अतिऔषधरोधी क्षय झालेल्यांपैकी ६९ टक्के लोकांनी त्याआधी बहुऔषधरोधी क्षयाचे उपचार कधी घेतलेच नव्हते. त्यांना तो लागण होऊनच झाला होता. टुगेला फेरी अपवाद नव्हती.

त्या हवेत बारा तास

आता सिस्टर्सकडे येऊ.

रुग्ण वॉर्डात दोन आठवडे, फार तर काही महिने राहतो. सिस्टर तिथे दहा वर्षं असते. रुग्ण खोकतो तेव्हा त्याच्या पुढ्यात थुंकीची डबी धरणारी ती, रात्री ऑक्सिजन लावणारी ती, मेल्यावर शेवटचं आवरणारीही ती आणि वॉर्डातली मावशी. लॅन्सेटच्या त्या ५३ जणांत आरोग्य कर्मचारीही होते. पण एका हॉस्पिटलातल्या दोन-चार मृत्यूंवरून काही सिद्ध करता येत नाही. कर्मचाऱ्यांना धोका जास्त असतो हे सिद्ध झालं चार वर्षांनी.

डर्बनला किंग जॉर्ज पाचवा नावाचं हॉस्पिटल होतं; आता त्याचं नाव किंग दिनुझुलू आहे. प्रांतभरातले औषधरोधी क्षयाचे रुग्ण तिथे पाठवले जात. मॅक्स ओडॉनल आणि सहकाऱ्यांनी २००३ ते २००८ या काळातले तिथले केस पेपर काढले आणि त्यांतले आरोग्य कर्मचारी वेगळे केले. बहुऔषधरोधी क्षयाचे २३१ निघाले, अतिऔषधरोधीचे २४. लोकसंख्येशी ताडून पाहिलं, तर बहुऔषधरोधी क्षयासाठी भरती होण्याचं प्रमाण सामान्य प्रौढांत लाखामागे ११.९ होतं, आरोग्य कर्मचाऱ्यांत ६४.८. साडेपाच पट. अतिऔषधरोधीमध्ये फरक याहून मोठा, जवळजवळ पावणेसात पट.

लगेच शंका येते: कर्मचाऱ्यांत एचआयव्ही जास्त असेल. नव्हता. भरती झालेल्या कर्मचाऱ्यांत ५५ टक्के, इतर रुग्णांत ५७ टक्के. आधी क्षयाचे उपचार झालेल्यांचं प्रमाणही कर्मचाऱ्यांत बरंच कमी होतं. फरक होता तो कामाच्या जागेचा.

एचआयव्ही असलेल्या सिस्टरला क्षयाच्या वॉर्डातून हलवणं हा कागदावर सोपा उपाय आहे. त्यासाठी तिने आधी सांगायला हवं. कुणाला? मेट्रनला. मेट्रनच्या टेबलाशेजारी क्लार्क बसतो. बदलीचा आदेश निघाला की संध्याकाळपर्यंत सगळ्या हॉस्पिटलला कळतं की अमकी सिस्टर क्षयाच्या वॉर्डातून निघाली, आणि का निघाली असेल. क्वाझुलू-नाताळमध्ये अशा सिस्टर्सच्या मुलाखती घेणाऱ्या संशोधकांना हीच भीती पुन्हा पुन्हा ऐकू आली. म्हणून त्या सांगत नसत, वॉर्डात राहत. खोकला आला तरी आपल्याच हॉस्पिटलात थुंकी द्यायला बिचकत.

उपचार घ्यायची वेळ आलीच तर ते काय उपचार होते हेही सांगायला हवं. दीड-दोन वर्षं गोळ्या, त्यांतले पहिले कित्येक महिने रोज कानामायसिनसारखं इंजेक्शन. या इंजेक्शनाने कानाच्या आतल्या पेशी मरतात आणि पुन्हा येत नाहीत. बहिरेपण कायमचं. जिने स्टेथोस्कोप कानाला लावून बीपी बघायचं, रात्री तिसऱ्या खाटेवरची घरघर ऐकून उठायचं, तिला तुझा जीव वाचेल पण कान जातील असं सांगणं म्हणजे तिची नोकरीच मागून घेणं. केपटाऊनच्या एका तरुण डॉक्टरला वॉर्डात हा क्षय झाला तेव्हा तिने ऐकू येणं कमी व्हायच्या भीतीने इंजेक्शन थांबवायचा निर्णय घेतला आणि बाजारात न आलेलं बेडाक्विलिन हे औषध खास परवानगीने मिळवलं. नंतर ती आणि तिच्यासारखे क्षय होऊन गेलेले डॉक्टर, विद्यार्थी यांनी ‘टीबी प्रूफ’ नावाची संस्था उभी केली. तिला औषध मिळालं कारण कुठे अर्ज करायचा हे तिला माहीत होतं. म्सिंगातल्या सफाई कामगाराला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

हे सगळं चालू असताना दाराबाहेर ब्रिटन उभा होता. दक्षिण आफ्रिकेचं नर्सिंगचं शिक्षण इंग्रजीत आणि ब्रिटिश वळणाचं. तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेला माणसं हवी होती. १९९७ मध्ये खुद्द नेल्सन मंडेलांनी ब्रिटनला आमच्या नर्सेस नेऊ नका अशी विनंती केली. ब्रिटनने मार्गदर्शक सूचना काढल्या, २००१ मध्ये आचारसंहिता केली. तरीही २००१-०२ या एका वर्षात ब्रिटनच्या नोंदवहीत दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या दोन हजारांहून जास्त नर्सेसची भर पडली. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने २००४ मध्ये ग्रामीण भत्ता आणि दुर्मिळ कौशल्याचा भत्ता सुरू केला. पैशाने थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण भत्ता पगाराच्या स्लिपवर येतो आणि खोकला घरी जातो, पोरांपर्यंत. २००७ च्या जूनमध्ये देशभर सरकारी कर्मचाऱ्यांचा जवळजवळ महिनाभर संप झाला, त्यात नर्सेस मोठ्या संख्येने होत्या.

माझ्या वॉर्डाबद्दल थोडंसं लिहिते. गाव आणि हॉस्पिटल सांगत नाही. आम्हाला एन-९५ मास्क मिळत, पण इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी, मंजूर होईल तेव्हा. एक मास्क आठवडाभर पुरवायचा. ज्येष्ठ सिस्टरनी शिकवलं होतं की तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा नाही, घामाने ओला राहतो. खाकी पाकिटात ठेवायचा आणि पाकिटावर नाव लिहायचं. ड्रेसिंग टेबलाच्या खणात अशी नऊ-दहा पाकिटं उभी असत. कुणी नोकरी सोडली की तिचं पाकीट काही दिवस तसंच राहायचं. एकदा मी खण आवरला तर काम करणाऱ्यांपेक्षा सोडून गेलेल्यांची पाकिटं जास्त निघाली. एक मल्याळी सिस्टर कुवेतला गेलेली, एक लग्न करून, दोघी कंत्राट संपल्यावर परत न आलेल्या. एकीच्या पाकिटाबद्दल कुणी काही बोललं नाही.

माणसं गेली की पहिल्यांदा काय थांबतं? सलाइन थांबत नाही, इंजेक्शन थांबत नाही, ते दिसणारं काम आहे. थांबतो तो पाठपुरावा. कोण रुग्ण तारखेला आला नाही, कुणाच्या घरी फोन करायचा, दोन महिन्यांनंतरची थुंकी कुणाची राहिली, नव्या खोकणाऱ्याला इतरांपासून लांब कुठे बसवायचं. ही कामं कुणाच्या नावावर नसतात. ती मुरलेली सिस्टर सवयीने करते, आणि नवीन आलेली मुलगी ती शिकेपर्यंत निघून गेलेली असते. औषधं टिकवायची ती याच कामांनी.

यावर क्षयाबाहेरचा पण नेमका असा एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात जीनी सिमिओटी, लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी १६१ हॉस्पिटलं आणि सात हजारांहून जास्त नर्सेस यांची माहिती २०१२ मध्ये मांडली. नर्समागे रुग्ण वाढले की लघवीच्या नळीतून होणारा संसर्ग आणि शस्त्रक्रियेच्या जखमेचा संसर्ग वाढतो, हे त्यांना दिसलं. ते अपेक्षितच होतं. पण हिशेबात नर्सेसचं थकून, विटून जाणं धरलं तेव्हा संसर्गाशी जुळलेलं उरलं ते मुख्यतः हे विटणंच. डोकी किती यापेक्षा ती कोणत्या अवस्थेत आहेत, हा प्रश्न मोठा ठरला. प्रत्येक संसर्ग म्हणजे अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स, आणि प्रत्येक कोर्स म्हणजे जंतूला सरावाची आणखी एक संधी. पेन्सिल्व्हेनिया श्रीमंत आहे, तिथला जंतू वेगळा आहे. वाट तीच आहे.

मास्क, खिडकी, कुंपण, घर

टुगेला फेरीत आता काय करायचं, यावर त्या काळी दोन सूर होते. एक म्हणत होता, अशा रुग्णांना सक्तीने डांबा. २००७ च्या डिसेंबरात पोर्ट एलिझाबेथच्या होजे पिअर्सन हॉस्पिटलातले रुग्ण कुंपण तोडून घरी पळाले, कारण नाताळ होता आणि महिनोन् महिने घर पाहिलं नव्हतं. दवाखान्याला तारांचं कुंपण घालून सिस्टरला त्याच्या आत उभं केलं, की तिचं काम नर्सचं उरत नाही.

दुसरा सूर संशोधक संजय बासू आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी टुगेला फेरीचंच गणिती प्रारूप मांडलं आणि ते २००७ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. काहीच बदललं नाही तर २०१२ अखेरपर्यंत त्या भागात अतिऔषधरोधी क्षयाचे सुमारे १,३०० रुग्ण होतील आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना लागण हॉस्पिटलातच झालेली असेल, असा त्यांचा अंदाज होता. मग एकेक उपाय घालून पाहिला. नुसते मास्क दिले तर एकूण साथीत दहा टक्केही फरक पडत नाही. इथे बहुतेक व्यवस्थापक वाचायचं थांबवतात आणि मास्कचं इंडेंट परत पाठवतात. पुढचं वाक्य असं आहे की त्याच मास्कने कर्मचाऱ्यांच्या लागणीतला मोठा वाटा टळतो. मास्क, भरतीचे दिवस कमी करणं आणि घरून उपचार एकत्र केले तर जवळजवळ एक तृतीयांश रुग्ण टळतात. त्यात मोकळी हवा, लवकर निदान, एचआयव्हीचे उपचार आणि वेगळ्या खोल्या जोडल्या तर ४८ टक्के. आणि सक्तीने डांबलं, पण वेगळं ठेवायला पुरेशी जागा नसली, तर साथ वाढूही शकते.

मोकळ्या हवेचं मोजमाप त्याच वर्षी पेरूची राजधानी लिमामधून आलं. रॉड एस्कोम्ब यांच्या गटाने आठ हॉस्पिटलांतल्या सत्तर खोल्यांत खिडक्या-दारं उघडी आणि बंद ठेवून हवा किती वेळा बदलते ते मोजलं. सगळं उघडं असेल तर तासाला सरासरी २८ वेळा. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांसाठी शिफारस असते १२ ची. १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारतींनी नव्या इमारतींना दुपटीहून जास्त फरकाने मागे टाकलं: ४० विरुद्ध १७. हे वाचलं तेव्हा मला आमच्या जुन्या, गळक्या, दगडी वॉर्डाचा पहिल्यांदा अभिमान वाटला. तो पाडून तिथे फॉल्स सीलिंग आणि सरकत्या काचांची इमारत झालेली आहे. आणि खिडकी उघडी ठेवणं हेही कुणाचं तरी कामच असतं. थंडीत रुग्ण ती लावून घेतात, पावसात वॉर्डबॉय मामा लावतात, आणि नाइटला चाळीस खाटांना एक सिस्टर असेल तर ती उठून उघडायला कुणी जात नाही.

म्सिंगात पुढे जे सुरू झालं त्यात मला सगळ्यांत विचार करण्यासारखं वाटतं ते घरच्या उपचारांचं. डर्बनला खाट मिळायची वाट बघत बसण्याऐवजी रुग्णाला घरीच ठेवायचं, आणि नर्सने गाडीने डोंगरवाटांनी घरोघर जाऊन रोजचं इंजेक्शन द्यायचं, एचआयव्हीची औषधंही सोबत. निकाल चांगले आले. वॉर्डातली गर्दी कमी झाली. आणि सिस्टर बंद खोलीतून अंगणात आली.

औषधंही शेवटी आली. बेडाक्विलिनला अमेरिकेत २०१२ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेने बहिरं करणारी इंजेक्शनं बाजूला सारून ते नेहमीच्या उपचारांत घेतलं. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिड या तीन गोळ्यांचा सहा महिन्यांचा उपचार दक्षिण आफ्रिकेतल्या तीन ठिकाणी १०९ रुग्णांवर तपासला गेला, त्यांतलं एक ठिकाण म्हणजे ते किंग दिनुझुलू. २०२० मध्ये छापलेला निकाल: ९० टक्के रुग्णांना गुण आला. ५३ पैकी ५२ पासून इथवरचं अंतर पंधरा वर्षांचं. लिनेझोलिडने हातापायांना मुंग्या येतात, बधिरता येते, अगदी बहुतेकांना. पण ते सोसून माणूस जगतो. आणि बेडाक्विलिनलाही न जुमानणारे जंतू दिसू लागले आहेत, त्याच प्रांतांत, त्याच वाटेने.

आपल्याकडे

मुंबईची गोष्ट टुगेला फेरीसारखी नाही. आपल्याकडे एचआयव्ही इतका नव्हता आणि खाजगी डॉक्टर फार जास्त. १९९१ मध्ये मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी मुंबईतल्या शंभर खाजगी डॉक्टरांना क्षयाचं प्रिस्क्रिप्शन लिहायला सांगितलं तेव्हा ८० वेगवेगळे औषधसंच निघाले. २०१० मध्ये झरीर उदवाडिया यांच्या गटाने धारावी परिसरात तेच पुन्हा केलं: १०६ डॉक्टर, ६३ संच. दोन वर्षांनी याच उदवाडियांनी हिंदुजा रुग्णालयातल्या चार रुग्णांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नाही असं जाहीर केलं आणि त्याला ‘पूर्णतः औषधरोधी’ क्षय म्हटलं. सरकारने त्या नावावर हरकत घेतली, पण त्याच वर्षी मे महिन्यात क्षयरुग्णाची नोंद कळवणं देशभर सक्तीचं झालं. लवकर निदानाच्या बाबतीत आपण पुढेही आहोत: रिफाम्पिसिन चालेल की नाही हे तास-दोन तासांत सांगणारं ‘ट्रूनॅट’ यंत्र गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं आहे आणि ते तालुक्याच्या ठिकाणी, बॅटरीवरही चालतं.

वर्गात मागच्या वर्षी एका मुलीने विचारलं, “मॅडम, आपल्याकडच्या सिस्टर्सचा आकडा काय?” ती चंद्रपूरकडची, थोडी बुजरी, पण प्रश्न बरोबर विचारला. मी तिला विचारलं, ओडॉनलला आकडा कुठून मिळाला? ती म्हणाली, केस पेपरवरून. मग आम्ही सगळ्या मिळून आमच्या प्रॅक्टिकलच्या हॉस्पिटलातले भरतीचे कोरे कागद बघायला गेलो. नाव, वय, पत्ता, जात, धर्म, आणि व्यवसायाचाही रकाना होता. रेकॉर्ड रूममधल्या मामांनी जुने भरलेले गठ्ठे दाखवले. नावांवर हात ठेवून आम्ही व्यवसायाचा रकाना तेवढा वाचत गेलो. पुरुषांच्या कागदांवर शेती, मजुरी, ड्रायव्हर असं काहीबाही होतं. बायकांच्या कागदांवर घरकाम, घरकाम, घरकाम, आणि मधूनच कुठे तरी ‘नोकरी’. कुठली, ते लिहिलेलं नव्हतं.